लेखांकित शंकू आणि निर्लेख कुंभ

इजिप्त देशात, नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सर शहरासमोरील डोंगरउतारांवर प्राचीन थीब्झ नगरीची विस्तीर्ण दफनभूमी आहे. तेथील अधिकाऱ्यांच्या थडग्यांभोवती भाजलेल्या मातीचे शंकू फार मोठ्या संख्येने सापडले आहेत. शंकूच्या सपाट बुडावर ठशाने उमटविलेला एक लहानसा लेख असतो; त्यात थडग्याच्या मालकाचे नाव आणि त्याची अधिकारपदे दिलेली असतात. इकडे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या तीरावर, इनामगाव येथे जी ताम्रपाषाणयुगीन वस्ती उत्खननाने उजेडात आली, तीत घरांच्या जमिनीखाली मृतांना पुरलेले मातीचे कुंभ मिळाले. त्यांवर एकही अक्षर नाही.

हे शंकू आणि हे कुंभ यांचा परस्परांशी संबंध होता, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. तसा कोणताही पुरावा नाही. मात्र काळाच्या दृष्टीने ते एकमेकांपासून दूर नाहीत. लेखांकित शंकूंचा भर इजिप्तच्या अठराव्या राजवंशाच्या काळात, म्हणजे इ. स. पू. सुमारे १५५० ते १२९५ या अवधीत आहे. इनामगावची वस्ती इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० पर्यंत नांदत होती. एकाच काळी दोन समाज मातीच्या साहाय्याने आपल्या मृतांची व्यवस्था लावीत होते. त्यांपैकी एकाजवळ लिपी होती, दुसऱ्याजवळ नव्हती. भाषेच्या अभ्यासकाला या भेदातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. लेख असला म्हणजे आपल्याला नेमके काय कळते, लेख नसला म्हणजे काय कळत नाही, आणि न कळणारी गोष्ट कळल्याचा भास केव्हा होतो, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. शिरूर व दौंड या तालुक्यांतील नदीकाठच्या प्राचीन अवशेषांची जपणूक कशी करावी, या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तरही याच भेदातून निघते.

१. शंकूंचे स्वरूप

शंकू साधारणतः वीतभर लांबीचा, क्वचित त्याहून बराच मोठा असतो. एक टोक निमुळते, दुसरे सपाट व वाटोळे. माती ओली असतानाच सपाट बाजूवर ठसा दाबीत आणि मग शंकू भाजीत. थडग्याच्या दर्शनी भिंतीत, प्रवेशद्वाराच्या वरच्या अंगास, हे शंकू ओळीने बसविलेले असत. निमुळते टोक भिंतीत रुतलेले आणि लेख असलेले वर्तुळ बाहेर, अशी त्यांची मांडणी होती. शंकू मूळच्या जागी सापडणे दुर्मीळ आहे. परंतु थडग्यांतील काही चित्रांत थडग्याच्या दर्शनी भागावर वर्तुळांची ओळ काढलेली दिसते, तिच्यावरून या मांडणीला दुजोरा मिळतो.

आरंभीचे, म्हणजे अकराव्या राजवंशाच्या काळातील शंकू निर्लेख आहेत. त्यांवर लेख उमटविण्याची चाल पुढे नव्या साम्राज्याच्या काळात रूढ झाली, नंतर ती मंदावली आणि पंचविसाव्या-सव्विसाव्या राजवंशांच्या काळात पुन्हा काही काळ उचल खाऊन अखेर लोपली. या शंकूंचे प्रयोजन काय, याविषयी एकमत नाही. छपराच्या वाशांची बाहेर आलेली टोके सुचविण्यासाठी ते बसवीत असे कोणी म्हणतात. कोणी त्यांत सूर्यबिंब पाहतात, कोणी मृताला वाहिलेली भाकरी पाहतात, तर कोणाच्या मते ती निव्वळ शोभा होती. मालकाचे नाव दारावर असावे हा हेतूही पुढे आणला गेला आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, शंकूंवर लेख आहे, तो वाचताही येतो, तरीसुद्धा त्याच्या प्रयोजनाचा वाद मिटलेला नाही. लेख मालकाविषयी बोलतो. स्वतःच्या उपयोगाविषयी तो काही सांगत नाही.

एकाच ठशाने एकाच थडग्यासाठी अनेक शंकू बनवीत. काही मालकांचे शंकू शेकड्यांनी मोजावे लागतात. यामुळे वाचकाची मोठी सोय झाली आहे. एका शंकूचा डावा भाग झिजलेला असतो, दुसऱ्याचा उजवा तुटलेला असतो. पण दोन्ही एकाच ठशाचे असल्यामुळे त्यांच्या मेळातून पूर्ण लेख सिद्ध करता येतो. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथाच्या अनेक पोथ्या पुढे ठेवून संपादक पाठ निश्चित करतो, त्याच्याशी हे काम काही अंशी जुळते; फरक इतकाच की, पोथ्यांत लेखनिकागणिक पाठभेद शिरतात आणि ठशाच्या प्रतींत तसे होण्यास वाव नसतो. नॉर्मन डी गॅरिस डेव्हिस या संशोधकाने अनेक वर्षे खपून या लेखांचे संकलन केले. त्याच्या मृत्यूनंतर एम. एफ. लेमिंग मॅकॅडम याने ते सिद्ध करून १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात ६११ निरनिराळ्या ठशांची नोंद आहे आणि नंतरच्या संशोधकांनी तीत भर घातली आहे.

२. लेखाची भाषा

शंकूवरील लेखाचा साचा बहुधा ठरलेला असतो. आरंभी ‘इमाखू खेर उसिर’, म्हणजे ‘ओसिरिस देवाच्या ठायी सन्मानित’ असे पद, नंतर अधिकारपद किंवा अधिकारपदांची माळ, मग नाव, आणि शेवटी ‘मा-खेरू’ हे विशेषण. काही लेखांत पत्नीचे किंवा पित्याचेही नाव येते. इतक्या थोड्या शब्दांतही अर्थाचे तीन प्रश्न दडलेले आहेत.

पहिला प्रश्न रूढ पदांचा. ‘मा-खेरू’ याचा शब्दशः अर्थ ‘वाणीने सत्य’ असा होतो. मरणोत्तर न्यायसभेत ज्याचे म्हणणे खरे ठरले, तो मा-खेरू. पुढे हे विशेषण मृताच्या नावापुढे इतके सररास येऊ लागले की, बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ केवळ ‘दिवंगत’ एवढाच उरला. आपल्याकडे नावाआधी ‘कै.’ लिहिणारा मनुष्य त्या व्यक्तीला कैलास प्राप्त झाल्याचा दाखला देत नसतो. तो निधनाची सूचना देतो. इजिप्तमध्ये मात्र आणखी एक गुंतागुंत आहे. तेथे अधिकारी आपले थडगे हयातीतच बांधावयास घेत. त्यामुळे थडग्याच्या लेखांत हे विशेषण आले म्हणजे लेख लिहिला त्या वेळी मालक मृत होताच, असे धरून चालता येत नाही.

दुसरा प्रश्न अधिकारपदांचा. अठराव्या राजवंशातील तिसरा आमेनहोतेप याच्या काळी मेरीमोस नावाचा एक बडा अधिकारी होऊन गेला. त्याच्या शंकूंवर त्याला ‘कूशचा राजपुत्र’ म्हटले आहे. कूश म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेकडील न्यूबिया. परंतु मेरीमोस राजाचा मुलगा नव्हता. न्यूबियाचा कारभार पाहणाऱ्या राजप्रतिनिधीचे ते पदनाम होते. लेखातील शब्द कोशात पाहून कोणी वंशावळ रचू लागला, तर राजाला एक नवाच पुत्र प्राप्त होईल. मराठी वाचकाला हा धोका सहज उमगेल. ‘देशमुख’, ‘कुलकर्णी’, ‘पाटील’ ही एके काळची पदनामे आज आडनावे झाली आहेत. एखाद्या दगडावर केवळ ‘देशमुख’ हे अक्षर मिळाले, तर ते पद आहे की आडनाव, हे काळ आणि संदर्भ पाहूनच ठरवावे लागेल.

तिसरा प्रश्न उच्चाराचा. इजिप्तच्या चित्रलिपीत स्वर लिहीत नसत. १८२२ मध्ये शाँपोलियाँने ही लिपी उलगडली, तेव्हापासून व्यंजनांचा सांगाडा आपल्याला वाचता येतो. मधले स्वर कॉप्टिक भाषा, ग्रीक लेखकांनी दिलेली रूपे व इतर भाषांतील नोंदी यांच्या आधारे तर्काने भरावे लागतात, आणि कित्येक ठिकाणी सोयीसाठी ‘ए’कार घालून काम भागवावे लागते. ‘मेरीमोस’ हा उच्चार अभ्यासकांचा आहे. त्याच्या आईने त्याला कोणत्या स्वरांत हाक मारली असेल, ते शंकू सांगत नाही. मोडी लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद दाखवीत नाहीत, पण मोडी वाचणाऱ्याला भाषा आधीच ठाऊक असते म्हणून त्याचे अडत नाही. इजिप्तची भाषा बोलणारे राहिले नाहीत, म्हणून तेथे अडते.

येणेप्रमाणे लेख वाचता आला तरी तो जपून वाचावा लागतो. तथापि त्याचे एक सामर्थ्य निर्विवाद आहे. शंकू मूळ जागेवरून हलला, विक्रेत्याच्या हाती पडला, समुद्र ओलांडून युरोपातील एखाद्या संग्रहालयात गेला, तरी मालकाचे नाव व पद त्याच्यासोबत जाते. ज्यांच्या थडग्याचा पत्ता लागलेला नाही, अशा अनेक अधिकाऱ्यांची नावे आपल्याला केवळ शंकूंमुळे माहीत आहेत. थडगे हरवले, नाव उरले.

३. इनामगावचे कुंभ

इनामगावची स्थिती याच्या उलट आहे. तेथे दफने सापडली आहेत, नावे नाहीत.

डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे उत्खनन केले आणि त्याचा सविस्तर वृत्तांत १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तीचे तीन कालखंड ठरविण्यात आले : माळवा संस्कृतीचा (इ. स. पू. सुमारे १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे (१००० ते ७००). जोर्वे हे नाव अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील ज्या गावावरून पडले, तेथील उत्खनन १९५०-५१ मध्ये झाले होते. त्यानंतर प्रवरेच्या काठी नेवासे व दायमाबाद, घोडेच्याच काठी वरच्या अंगास चांडोली अशी याच संस्कृतीची गावे उजेडात आली. दौंड तालुक्यात वाळकी येथेही याच काळातील एका छोट्या शेतवस्तीचे अवशेष मिळाले. घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडवरून खाली जाते. हा सारा टापू साडेतीन हजार वर्षांपूर्वी नांदता होता.

इनामगावी शंभराहून अधिक घरांचे अवशेष व दोनशेहून अधिक दफने सापडली. त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे आहे. मूल दगावले म्हणजे घराच्या जमिनीतच खड्डा खणीत. भरड करड्या मातीचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत मुलाचे शव ठेवीत आणि ते कुंभ खड्ड्यात आडवे निजवीत. डोके बहुधा उत्तरेकडे असे. सोबत काळ्या रंगाने नक्षी काढलेले जोर्वे धाटणीचे तांबडे वाडगे किंवा तोटीची भांडी ठेवीत. प्रौढांना खड्ड्यात उताणे निजवून पुरीत. पण त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळतात. मृताने परत फिरून येऊ नये, अशा समजुतीने तसे करीत असावेत, असा तर्क करण्यात आला आहे.

या सर्वांत एक दफन अगदी निराळे आहे. वस्तीच्या मध्यभागी असलेल्या पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा, पोट पुढे आलेला एक रांजण मिळाला. त्यात सुमारे चाळीस वर्षांच्या एका पुरुषाला मांडी घातलेल्या स्थितीत बसविलेले होते आणि त्याची पावले तोडलेली नव्हती. सोबतच्या भांड्यांपैकी एकावर वल्ह्यांच्या नावेचे चित्र होते. घराला लागून धान्याचे कोठार होते. हा गावचा प्रमुख असावा, असे अनुमान उत्खनकांनी केले. त्याच रांजणाच्या खाली तशाच घडणीचा आणखी एक रांजण निघाला; त्यात अस्थी नव्हत्या. ज्याचा देह हाती लागला नाही अशा कोणासाठी केलेला हा प्रतीकात्मक विधी असावा, असे त्यावरून सुचविण्यात आले.

हे ज्ञान कोठून आले, याचा विचार केला पाहिजे. चार पायांच्या रांजणातील पुरुष प्रमुख होता, असे रांजण सांगत नाही. घर मध्यभागी आहे, ते मोठे आहे, कोठाराला लागून आहे, रांजण त्याच घराच्या अंगणात आहे, त्याचा थर त्या घराच्या थराशी जुळतो, इतरांची पावले तोडलेली आहेत आणि याची नाहीत. या सर्व नोंदी एकत्र केल्यावर ‘प्रमुख’ हा शब्द उच्चारता आला. मेरीमोसचे पद कळण्यास एक शंकू पुरतो. इनामगावच्या पुरुषाचे पद कळण्यास सगळे गाव खणावे लागले. मुलांच्या कुंभांचेही तेच. ते कुंभ घराच्या जमिनीखाली होते, हे ठाऊक असल्यामुळेच मुलाला घराबाहेर घालवू नये अशी काही भावना असावी, असे आपण म्हणू शकतो. तोच कुंभ एखाद्या काचेच्या कपाटात नुसता ठेवला असता, तर ते एक साधे धान्याचे मडके ठरले असते.

४. मडक्याची भाषा

इनामगावचे लोक कोणती भाषा बोलत होते, हा प्रश्न वरचेवर विचारला जातो आणि त्याची उत्तरेही तितक्याच वरचेवर दिली जातात. कोणी त्यांना आर्यभाषी ठरवितात, कोणी द्राविडभाषी, कोणी दोहोंहून निराळे. या उत्तरांमागे बहुधा आजच्या कोणत्या समाजाचा या भूमीवरील हक्क किती जुना, हा दुसराच प्रश्न उभा असतो. म्हणून येथे स्पष्ट बोलणे अवश्य आहे.

भाषा मडक्याच्या घडणीला चिकटलेली नसते. एकाच चाकावर तीच घागर निरनिराळ्या भाषा बोलणारे कुंभार घडवितात, आणि एक भाषा बोलणारे लोक गावोगाव निराळी भांडी वापरतात. भांड्यांची शैली पसरली म्हणजे भाषा पसरलीच, असा नियम नाही. हाडांवरून वय, आहार, दुखणी कळतात. भाषा कळत नाही. भाषेचा प्रत्यक्ष पुरावा म्हणजे लेख, आणि तो इनामगावी नाही. दायमाबादला उत्तरकालीन हडप्पा थरात सिंधू लिपीची थोडी चिन्हे मिळाली, म्हणजे लेखनाची वार्ता महाराष्ट्राच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. पण ते थर जोर्वे काळाच्या आधीचे, ती लिपीही सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही, आणि जोर्वे लोकांनी ती उचलल्याचे दिसत नाही. महाराष्ट्रात वाचता येणारे पहिले लेख ब्राह्मी लिपीतील. सोपारे येथील अशोकाच्या आज्ञालेखाचे तुकडे इ. स. पू. तिसऱ्या शतकातील आहेत आणि पुणे जिल्ह्यातील नाणेघाटाचा सातवाहन लेख त्यानंतरचा. इनामगाव ओस पडले त्यानंतर चार शतकांहून अधिक काळ लोटल्यावर या प्रदेशात वाचता येण्याजोगी अक्षरे दिसू लागतात. मधल्या काळावर आपल्या इच्छेप्रमाणे भाषेचा पूल बांधणे हे शास्त्र नव्हे.

आचारांच्या साम्यावरून नाते जोडण्याचा मोहही असाच आवरावा लागतो. आपल्याकडे अंत्यविधीत पाण्याचे मडके खांद्यावर घेऊन त्याला छिद्र पाडतात, अस्थी कलशात ठेवतात. भुताची पावले उलटी असतात, अशी खेडोपाडी समजूत आहे. इनामगावचे कुंभ आणि तोडलेली पावले पाहून या गोष्टी आठवतात, हे साहजिक आहे. परंतु आठवण होणे म्हणजे पुरावा मिळणे नव्हे. मधल्या अडीच हजार वर्षांचे दुवे दाखविता आल्याशिवाय हे साम्य केवळ नोंदवून ठेवावे, त्यावर इमारत रचू नये.

५. लेख कोणाचा ?

याचा अर्थ लेख म्हणजे पूर्ण सत्य आणि निर्लेखता म्हणजे अज्ञान, असा घेऊ नये. लेख कोणी लिहविला, हे पाहिले पाहिजे. थीब्झच्या शंकूंवर ज्यांची नावे आहेत ते पुरोहित, लेखनिक, कोठारांचे अधिकारी, राजप्रतिनिधी अशा पदांवरचे लोक होत. शंकूंची माती ज्यांनी मळली, डोंगर ज्यांनी फोडला, त्यांच्या नावाचा ठसा कोणी कोरला नाही. इनामगावी प्रमुखाचा मान निराळा होता, तरी सामान्य घरातील मुलालाही स्वतःचे दोन कुंभ मिळत होते.

लेखाची ही मर्यादा आणि त्याचबरोबर त्याचे बळ, दोन्ही पाहावयाची असतील तर शिरूर तालुक्याच्या पश्चिम सीमेपर्यंत जावे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांची फौज व ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य यांची लढाई झाली. तिच्या स्मरणार्थ कंपनी सरकारने नदीच्या पलीकडे, हवेली तालुक्यातील पेरणे गावाच्या हद्दीत एक दगडी स्तंभ उभारला. त्यावर कंपनीच्या सैन्यातील ४९ मृतांची नावे कोरलेली असून त्यांपैकी २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ हा प्रत्यय येतो. हा प्रत्यय महार समाजातील पुरुषांच्या नावांत येई. त्याचा संबंध ‘नायक’ या शब्दाशी जोडण्यात येतो. कोरणाऱ्यांचा हेतू आपल्या सैन्याचा विजय नोंदविण्याचा होता. कोणत्या समाजाचे किती लोक पडले, हे सांगण्यासाठी तो लेख लिहिलेला नाही. विरुद्ध बाजूस पडलेल्यांची नावे तर त्यावर नाहीतच. असे असूनही नावाच्या शेवटच्या दोन अक्षरांनी लेखकाच्या मनात नसलेली गोष्ट जपून ठेवली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या स्तंभाला भेट दिली आणि तेव्हापासून त्या नावांचे वाचन निराळ्या दृष्टीने होऊ लागले. एक शतक दगडावर निपचित पडलेल्या प्रत्ययाला असा अर्थ प्राप्त झाला.

लेखांकित शंकू व निर्लेख कुंभ यांच्या दरम्यान आपल्याकडे आणखी एक प्रकार आहे, तो वीरगळांचा. भीमेच्या खोऱ्यात अनेक गावांत देवळाशेजारी हे दगड उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवपूजा, असा त्यांचा क्रम असतो. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर अक्षरे नाहीत. वीर कसा मेला आणि कोठे गेला, हे चित्र सांगते; तो कोण होता, हे सांगत नाही. जोपर्यंत दगड गावाच्या शिवेत आहे तोपर्यंत कोणा घराण्याची, कोणा जुन्या झटापटीची आठवण त्याला धरून राहण्याचा संभव असतो. दगड शहरातील बागेत शोभेसाठी नेला की तो केवळ शिल्प होतो.

६. ‘पांढरी’ या शब्दाविषयी

येथवरच्या विवेचनाचे सार असे. लेख असलेली वस्तू जागेवरून हलली तरी काही अंशी बोलते. निर्लेख वस्तूच्या बाबतीत तिची जागा, तिचा थर, तिच्या शेजारच्या वस्तू हाच तिचा लेख असतो. जागा मोडली की तो लेख पुसला जातो आणि तो पुन्हा कोणालाही वाचता येत नाही. थीब्झमध्ये शंकू उचलून नेणाऱ्यांनी हानी केली, पण नावे वाचली. घोड-भीमेच्या काठचा कुंभ उचलला तर काहीच वाचत नाही.

हा धोका काल्पनिक नाही. नदीकाठची जुनी वस्तीस्थाने ज्या टेकाडांच्या रूपाने उरली आहेत, त्यांची माती राखमिश्रित व कसदार असल्यामुळे शेतकरी ती खत म्हणून आपल्या रानात नेऊन टाकीत आले आहेत. जमीन सपाट करणे, विटांसाठी माती काढणे, नदीने दरड तोडणे यांमुळेही टेकाडे खचतात. अशा वेळी फाळाला मडके लागते, ते फुटते, आणि हाडे निघालीच तर भयाने नदीत सोडली जातात. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. आपण काय मोडीत आहो, याची कल्पना नसते, इतकेच.

परंतु कल्पना अगदीच नसते, असे म्हणणेही बरोबर नाही; आणि येथे भाषेच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. मराठी शेतकरी आपल्या गावाच्या भूमीचे दोन भाग करतो : पिकाची ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’. माणसांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली, भिंती पडल्या, चुलींची राख साचली, म्हणजे मातीचा रंग पालटतो. हे निरीक्षण या एका शब्दात साठलेले आहे. ओस पडलेल्या वस्तीच्या टेकाडालाही लोक ‘पांढरी’ किंवा ‘पांढरीचे टेकाड’ म्हणतात. तेथे आज घर नसेल, गाव केव्हा उठले हे कोणाला सांगता येत नसेल. तरी शेताचे नाव ‘पांढरी’ असेल, तर तेथे कधी काळी माणसे राहत होती, ही साक्ष त्या नावाने टिकविली आहे. पुरातत्त्वज्ञ खापरे वेचण्यापूर्वी गावकऱ्यांना पांढरी कोठे, असे विचारतो, तो याचसाठी. जेथे दगडावर किंवा मातीवर अक्षर नाही, तेथे लोकांच्या तोंडचे शेतांचे नाव हाच उरलेला एकमेव लेख होय. मात्र त्याची साक्षही वर सांगितलेल्या मर्यादेतच घ्यावी : वस्ती होती, एवढे ते सांगते, ती कोणाची व किती जुनी, हे खापरांनी व थरांनी ठरवावयाचे असते.

हा लेखही पुसला जाऊ लागला आहे. शेत गट क्रमांकाने ओळखले जाऊ लागले, म्हणजे जुने नाव व्यवहारातून मागे पडते. ते ज्यांच्या तोंडी आहे ती पिढी वृद्ध झाली आहे. शिरूर व दौंड तालुक्यांतून विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्यांना म्हणून दोन कामे सुचवावीशी वाटतात. पहिले असे की, आपल्या गावच्या शेतांची, टेकाडांची, डोहांची व वाटांची नावे घरातील वडीलधाऱ्यांकडून जशी उच्चारली जातात तशीच लिहून घ्यावी आणि प्रत्येक नावासमोर जागेची खूण नोंदवावी. दुसरे असे की, नांगरताना अथवा दरड कोसळून एखादा कुंभ दिसला तर तो बाहेर काढू नये. तो कोणत्या दिशेने निजलेला आहे, दुसऱ्या कुंभाला तोंड लावलेला आहे काय, किती खोल आहे, मातीचा रंग काय आहे, हे टिपावे, छायाचित्र घ्यावे, माती पुन्हा लोटावी आणि तहसील कचेरीस अथवा पुण्यास डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागास कळवावे. इनामगावचे अवशेष त्या संस्थेच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. तेथील कुंभांना आज जो अर्थ आहे, तो त्यांच्यासोबत आणलेल्या नोंदवह्यांमुळे आहे.

थीब्झच्या अधिकाऱ्याने आपले नाव शेकडो वेळा मातीत उमटविले, म्हणून त्यातले काही टिकले. इनामगावच्या मातेने आपल्या मुलाचे नाव कोठेही उमटविले नाही. ते नाव आपल्याला कधीच कळणार नाही. त्या मुलाला घराच्या जमिनीखाली, उत्तरेकडे डोके करून, दोन कुंभांत निजविले होते, एवढे मात्र कळले आहे, आणि तेही कुंभ जागेवर होते म्हणून.